दाजी मास्तरांना अडलेला शब्द

आचऱ्यात कुणाला इंग्रजी पत्र आलं की ते दाजी मास्तरांकडे यायचं. मास्तर शाळेच्या पडवीत बसून ऐटीत अर्थ सांगत. एखादा शब्द अडला तर बिनदिक्कत गाळून पुढे जात, आणि आजवर ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

एकोणसाठ सालच्या माघात मात्र नर्मदेने त्यांना पकडलं. तिचा नवरा भिकाजी बोटीवर खलाशी. वाफ उडून त्याचे दोन्ही डोळे भाजले होते. तेव्हापासून त्याची कार्डं कुणी दुसराच लिहून धाडी. आता मुंबईच्या डॉक्टरांचं टाइप केलेलं पत्र आलं होतं.

"ऑपरेशन झाला," मास्तर सांगू लागले. "टाके काढले. आता बुबुळाचे पडदे... बरे आसत."

"पडदे म्हणून तुमी थांबलात कित्याक?"

मास्तरांनी घसा साफ केला. ती हलेना. शेवटी ते म्हणाले, "एक शब्द माका ठावक नाय गो." तीस वर्षांच्या मास्तरकीत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं.

शब्द होता 'पेल्युसिड'. शाळेच्या कोशात तो नव्हता. मास्तरांना चैन पडेना. शनिवारी शाळा सुटताच एस.टी. धरून ते मालवणच्या वाचनालयात गेले आणि तिथला जाडजूड कोश मांडीवर घेऊन बसले. ज्यातून उजेड आरपार जातो असं, नितळ. पाण्याला लावतात, काचेला लावतात. आणि चटकन समजणाऱ्या लिखाणालाही! मास्तर एकटेच खो खो हसले. चटकन समजण्यासाठी असला शब्द! डॉक्टराला साधं 'क्लिअर' लिहायला काय झालं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते नर्मदेच्या विहिरीवर हजर झाले.

"खाली बघ. काय दिसता?"

"तळ. पडलेलो तांब्यो सुदीक."

"तसे झाले भिकाजीचे पडदे. निवळशंख!"

नर्मदा बराच वेळ वाकून बघत राहिली. "विहीर निवळ आसा ती खरी, मास्तरानू. पण विहिरीक खंय दिसता?"

उजेड आत जातो, एवढंच तो शब्द सांगत होता. भिकाजीला दिसतं की नाही, हे त्यात नव्हतंच. तिचा चेहरा बघून त्यांना भडभडून आलं. त्याच दुपारी त्यांनी डॉक्टरांना सोप्यात सोप्या इंग्रजीत एकच ओळ लिहिली: याला दिसतं का?

बाराव्या दिवशी नर्मदा पोस्टकार्ड घेऊन धावत पडवीत आली. तिला अक्षरओळख नव्हती. मास्तरांनी कार्ड घेतलं. मजकूर मराठीत होता आणि प्रत्येक ओळ उजवीकडे वर चढत गेली होती. या ओळी सरळ करण्यासाठी लहानपणी त्यांनी भिकाजीला किती छड्या मारल्या होत्या!

वाचण्यासाठी ते चष्मा शोधू लागले.

"ऱ्हवांदे, मास्तरानू," नर्मदा रडता रडता हसत म्हणाली. "ह्या त्येंनीच लिवल्यानी."