पुढचं अक्षर

तात्यांना अक्षरओळख झाली ती एक्कावन्नाव्या वर्षी, धारच्या प्रौढशाळेत, तीही हिंदीतून. तोवर शिलाईच्या दुकानात गिऱ्हाइकांची मापं ते रंगीत दोऱ्यांच्या गाठींवर लक्षात ठेवत. बहात्तराव्या वर्षी घशाचा कॅन्सर झाला, स्वरयंत्र काढावं लागलं, तेव्हा बोलायला ही उशिरा आलेली अक्षरंच उरली.

देवासहून नात आली, उर्वी. तिने मोबाइलवर एकेक कीबोर्ड दाखवला. बोलून लिहायचा तर बादच. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा तात्यांना कळेना. बोटाने गिरवायचा होता, पण कात्रीने राठ झालेल्या बोटाखाली 'म'चा 'भ' होई. शेवटी ओळखीचा हिंदीच ठेवला. उर्वी घड्याळ लावून बसे आणि माळव्याच्या ढंगात चिडवे.

"मिनिटाला चार शब्द! ओ भिया, बैलगाडी पण पुढे जाईल."

ती देवासला परतल्यावर तात्या तिला तुकड्यातुकड्यांनी लिहीत. एक शब्द झाला की पाठवायचा. 'आज' जाई, मग 'भात', मग बऱ्याच वेळाने 'करपला'. उर्वीला वाट पाहायची सवयच झाली.

घरात मात्र एकाच शब्दाची घाई असे. तात्यांची बायको, माई, कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघाली तरी "येते हं" म्हणायची, आणि तात्यांच्या "ये"शिवाय उंबरा ओलांडायची नाही. चव्वेचाळीस वर्षं हे असंच. आवाज गेल्यावर तात्यांनी मान डोलावून पाहिली.

"मान नको. शब्द हवा मला," म्हणून माई पिशवी घेऊन दारातच उभी. तात्या चष्मा शोधत, य शोधत, मात्रा शोधत, मग मोबाइल उंच धरत.

"अहो, लवकर! भाजीवाला पार बागली गावाला पोचेल तोवर."

माघात माई लेकीकडे, अल्पनाकडे, देवासला गेली आणि तिसऱ्याच दिवशी तिच्या पोटात काहीतरी फुटलं. तात्या मिळेल ती बस धरून निघाले. इंदूरच्या अलीकडे उर्वीचा निरोप आला. त्यांनी तो अक्षर अक्षर लावून वाचला.

'माईला ऑपरेशनसाठी अंदर नेतायत. चष्मा काढून घेतलाय. म्हणते, तात्यांना सांग, येते. तुमचा जवाब मागतेय.'

बस हादरत होती. य ऐवजी र पडला. पुसला. मग ल पडला. तिसऱ्यांदा य, मग मात्रा. वरच्या पट्टीत कीबोर्ड हिंदीतले पुढचे शब्द सुचवू लागला: है, क्या, लोग. तात्यांनी त्यातलं काही घेतलं नाही. पाठवलं.

'ये'

दोन निळ्या खुणा उमटल्या. वाचलं गेलं. तात्यांनी मोबाइल छातीशी धरला आणि डोळे मिटले.

माई आतून परत आली नाही.

धारला तेरावा झाल्यावर उर्वी त्यांच्याजवळ येऊन बसली. दहाही बोटांची नखं कुरतडलेली.

"तात्या, उस दिन तुम्ही काय लिहीत होता? 'ये' आलं. मी म्हटलं, ये... क्या? पुढचं येईल म्हणून थांबले. माई दोनदा विचारत होती, काय म्हणतात? मी म्हटलं, रुको माई, लिख रहे हैं. मग नेलं तिला."

तात्यांना आता उमगलं. हिंदी शाळेत शिकलेल्या पोरीला 'ये' म्हणजे 'हे'. उत्तर पोचलं होतं. माईच्या उशाशी, या पोरीच्या तळहातावर, तसंच पडून राहिलं होतं.

"काय होतं पुढे?"

त्यांनी मोबाइल घेतला. 'ये म्हणजे' इतकं लिहिलं आणि पुसून टाकलं. मग कधी नव्हे ते अख्खं लिहून एकदम दाखवलं.

'पुढचं टाइप झालं नाही. बस हलत होती. माझीच बोटं हळू.'

उर्वी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून खूप रडली. मग नाक पुसत म्हणाली, "स्पीड वाढवायला पाहिजे, तात्या. मराठीवाला कीबोर्ड टाकून देते. रोज शाम को प्रॅक्टिस, मी देवासहून टाइम लावीन."

तात्यांनी होकार दिला. संध्याकाळपर्यंत ते मिनिटाला सात शब्दांवर आले.

बस गाठायची म्हणून तिने बॅग उचलली.

"जाते, तात्या," ती दारातून म्हणाली.

तात्यांचं बोट य वर गेलं. आता शोधावा लागत नव्हता. ते तसंच थांबलं, आणि तात्यांनी नुसती मान डोलावली.