बडग्याचा सदरा

"थांबा!" आनंदाबाईंनी बडग्याचा बांबू दोन्ही हातांनी धरला आणि मिरवणूक त्यांच्याच दारात अडली. 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' ही आरोळी अर्ध्यावरच विरली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. घराघरातून जुने कपडे मागून, त्यात गवत भरून वडनेरची पोरं बडग्याचा पुतळा करतात आणि गावाची पीडा त्याच्यासोबत वेशीबाहेर जाळतात. निवडणूक आली की गावाला नवी पीडा सुचतेच. यंदा बडग्याच्या गळ्यात पाटी होती : 'बाहेरचे, चालते व्हा.' रोख उघड होता. आनंदाबाईंच्या मागच्या खोलीत मध्य प्रदेशातल्या बालाघाटचा हेमराज भाड्यानं राहत होता, कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करत होता.

पण आनंदाबाई बघत होत्या पुतळ्याच्या अंगावरच्या निळ्या चौकड्याच्या सदऱ्याकडे.

"अंकुश, हा माह्या चंदनचा हाय," त्या बांबू धरून पुढे चालणाऱ्याला म्हणाल्या.

"तुमीच त देलतं गाठोडं, काकू."

दिलं होतं, न बघता. चंदन अमेरिकेत होता. तिथंही बाहेरच्यांवर दात असलेलं सरकार आलं होतं, त्याचा कामाचा परवाना लटकला होता, आणि पोरगा फोनवर 'सगळं ठीक आहे' एवढंच म्हणत होता. त्याच्या अंगचा कपडा आज पीडा म्हणून जळणार होता. बडग्या खाली टेकवून त्यांनी भराभर गुंड्या काढल्या आणि सदरा ओढून छातीशी धरला.

"बडग्याले असं उघडं नेत नाई," अंकुश म्हणाला. पंचायत समितीला तोच उभा होता. "बदल्यात दुसरा द्या."

त्याची नजर अंगणातल्या दोरीवर, हेमराजच्या ओल्या सदऱ्यावर गेली. पोरं हसली. एक जण फाटक ढकलून आत शिरला.

तेवढ्यात हेमराजच खोलीतून बाहेर आला. दोरीवरचा सदरा काढून त्यानं पुढे केला.

"ले लो, भैया. कपड़ा ही तो है. अम्मा के बेटे का मत जलाओ."

आनंदाबाईंना क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच भयंकर लाज वाटली.

"ठेव तो," त्या हेमराजला म्हणाल्या.

मग चंदनचा सदरा त्यांनी पुन्हा पुतळ्याला घातला. बाह्या सरळ केल्या, कॉलर बसवली, एकेक गुंडी लावली.

"तू अन् चंदन एकाच बाकावर बसत व्हते ना रे? तो बी तिकडं बाहेरचाच हाय. उचल आता."

अंकुशनं बांबूला हात लावला. उचलला मात्र नाही.