वीस अक्षरांपुरतं नाव

इंदिराताईंनी फॉक्सप्रो या जुन्या कॉम्प्युटरच्या भाषेत कामगारांच्या नोंदींचा प्रोग्रॅम लिहिला, तेव्हा पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाउसवर मोजकीच माणसं होती. आडनाव, नाव आणि बापाचं नाव, सगळ्यांना मिळून वीस इंग्रजी अक्षरांची जागा. त्यापुढचं उरेल ते ती भाषा गुपचूप कापून टाकायची. पुढे माणसं वाढली, रकाना तेवढाच राहिला. मालक तर काय, "चालतंय ना, मग कशाला हात लावता?" म्हणून मोकळे.

आज सकाळी द्राक्षांचा टेम्पो नाशिककडे जाताना हायवेवर उलटला. एक हमाल जागीच गेला. पोलिसांनी फोनवर त्याच्या कार्डावरचं नाव वाचलं, खंडेराव झुंबर गांगुर्डे. ताईंनी नेहमीसारखं आडनाव आधी टाकलं. प्रोग्रॅमने वीस अक्षरं जुळवली आणि जो खंडेराव गांगुर्डे आधी सापडला त्याच्या घरचा नंबर पुढे केला. ताईंनी लगेच तोच लावला.

फोन गेला त्या घरची फुलाबाई ऊर बडवत आली. तिला सावरायला पॅकिंगवरची चंद्रभागा धावली. तिचाही नवरा खंडेरावच, त्याच भावकीतला, तोही लोडिंगवर. फुलाबाईला पोटाशी धरून ती ताईंना हळूच म्हणाली, "खंडेराव गांगुर्डे एवढंच आयकलं, तवा माझाच गेला वाटलं. मंग इचा नंबर निघाला म्हनले, तं बरं वाटलं मला. लय पापी हाय मी, ताई."

तेवढ्यात फुलाबाईचा नवरा गेटातून चालत आला. टेम्पोत जागा नव्हती म्हणून तो मागेच राहिला होता. फुलाबाई किंचाळून त्याच्या गळ्यात पडली. चंद्रभागेच्या आनंदाला तर पारावार उरला नाही.

ताईंनी स्क्रीनवर एक ओळ खाली बघितलं. तेच नाव, नंबर वेगळा. फुलाबाईचा सासरा जयराम आणि गेलेल्याचा बाप झुंबर, दोन्ही नावांचं पहिलं इंग्रजी अक्षर 'जे'च, आणि रकान्यात मावलं होतं तेवढंच. स्वतःचाच त्यांना भयंकर राग आला.

चंद्रभागा डोळे पुसत टेबलाशी आली.

"देव पावला बघा फुलाबाईला! मंग ताई, गेलं कोन? त्या बिचारीला कळवलं का कोनी?"

ताई उठल्या. त्यांनी आपली खुर्ची पुढे सरकवली.

"चंद्रभागा, तू आधी बस बाई."