खर्ड्याला थांबणारी बोट

विलायतेतल्या एलिझाबेथबाईंनी सुटीत कोणत्या बोटीने फिरायला जावं, हा प्रश्न जामखेड तालुक्यातल्या एका कोरड्या ठणठणीत तलावात सुटला. सोडवणाऱ्यांपैकी एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता. पण न पाहिलेल्या गोष्टीवर मत देऊ नये असा काही सरकारी नियम नाही, आणि असता तर आपल्याकडची निम्मी तोंडं कायमची बंद झाली असती.

तलाव म्हणजे अजून नुसता खड्डा होता. त्र्याहत्तरचा उन्हाळा. दुष्काळी कामावर पाझर तलाव खोदायचं चाललं होतं. बाप्ये खणत, तरण्या बाया पाट्या वाहत, आणि म्हातारीकोतारी कडेला बसून दगड फोडत. हजेरी मांडायला गावच्या शाळेचे दानीएल मास्तर. शाळेला सुटी, म्हणून त्यांना इथे बसवलेलं. एलिझाबेथ ही त्यांची थोरली बहीण, विलायतेत नर्स. तिने बोटींच्या रंगीत चित्रांचं एक पुस्तक धाडलं होतं आणि गमतीने लिहिलं होतं, की यातल्या तीन बोटी आम्ही मैत्रिणींनी निवडल्यात, तिघींची तीन मतं, तूच सांग कोणतीने जाऊ.

मास्तरांनी हे पुस्तक दुपारच्या सुटीत बाभळीखाली उघडलं, ही त्यांची चूक. तिथून पुढे त्या पुस्तकावर त्यांची मालकी राहिली नाही.

"ही पहिली. अकरा मजली आहे," मास्तर म्हणाले. "आपलं गाव वाड्यावस्त्यांसकट आत मावेल."

"मंग हीच," भिमाजी म्हणाला. भिमाजी हा कडेला दगड फोडणाऱ्या म्हाताऱ्या बनुबाईचा चुलत दीर. गावात कुठेही दोन माणसं भांडत असली की तिसरा हा. "बोट थोरलीच पायजे. हत्ती आन् शेळी एकाच वाऱ्यानं हालत्यात व्हय?"

"थोरल्या बोटीत तुमी हरवताल, भावजी," छबूबाई म्हणाली. ती बनुबाईची शेजारीण. "जत्रंत हरवला व्हता तसं. आन् मंग वर्डत फिराल, मला घरी न्या म्हनून."

मास्तरांनी पान उलटलं. दुसरी बोट मध्यम, पण तिच्यावर सगळ्या सोयी. नाचायचा दिवाणखाना, सिनेमा, न्हावी, दिवसातून पाच वेळा खाणं.

"पाच येळा सुकडी?" कुणीतरी धसकून विचारलं. कामावर मिळणारी ती सुकडी खाऊन सगळ्यांची तोंडं आंबली होती.

"सुकडी नाही हो. मासे, केक, फळं. शिवाय पोहायचा हौद."

"खाली काय हाय?" छबूबाईने विचारलं.

"समुद्र."

"म्हंजे पानीच. आन् त्या पान्यावर बोट, आन् बोटीवर पुन्हा पान्याचा हौद?"

"हो."

"मंग त्ये पानी पीत का न्हाईत?"

"त्यात पोहतात, मावशी. अंग सगळं बुडवून."

टँकरच्या एका हंड्यावर घर चालवणाऱ्या बायांना हे पचायला जरा वेळ लागला. मग छबूबाईने जाहीर केलं की आपण हौदाच्या बोटीच्या बाजूच्या. पाच वेळा खायला मिळो न मिळो, एकदा अंग बुडवून मरायला आपली हरकत नाही. लगेच दोन तट पडले. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ती गत. इथे तर तुरीही विलायतेच्या होत्या.

या सगळ्यात बनुबाई एकटी कुठल्याच तटात नव्हती. तिला तिन्ही बोटींचा राग आला होता. माणसांनी घर सोडून उगाच हिंडावं, ही कल्पनाच तिला पटत नव्हती.

त्याला कारण होतं. बनुबाईचं तोंड फाटकं असं गाव म्हणे, पण ते तोंड कैक वर्षं वापराविना पडून होतं. नवरा लवकर गेला. एकुलता मुलगा बन्सी दिवसाला चार शब्द बोलणारा, त्यातले दोन बैलांशी, आणि आता तर तो बैल घेऊन लांबच्या चारा छावणीत जाऊन राहिला होता. दोन वर्षांमागे घरात सून आली, चांगुणा. खर्ड्याची पोर. ती बोलायची. चुलीशी, मांजराशी, सासूशी, जे समोर येईल त्याच्याशी बोलायची. बनुबाई तिच्यावर दिवसभर खेकसत असे, आणि तो खेकसण्याचा दिवस तिला फार आवडत असे. दिवाळीला चांगुणेचा भाऊ तिला माहेरी न्यायला मुळाला आला तर बनुबाईने त्याला बिनदुधाचा चहा पाजून परत लावला. म्हणाली, हजेरी बुडती. खरं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. छबूबाईची सून आठ दिवसांसाठी म्हणून माहेरी गेली ती आलीच नाही. पाऊस पडल्यावर येते, असा निरोप आला. बनुबाईला आपल्या सुनेचा तसा निरोप यायला नको होता. बस्स, एवढंच.

मास्तरांनी तिसरं पान उघडलं. "ही सगळ्यात लहान. हौद नाही, नाचगाणं नाही. पण वाट छान आहे हिची. रोज एका नव्या गावाला थांबते. माणसं उतरतात, दिवसभर कुणाला भेटायचं त्याला भेटतात, संध्याकाळी परत चढतात."

"मंग तिला बोट कशाला म्हनायचं? यष्टीच की ती," भिमाजी म्हणाला आणि सगळे हसले.

तेवढ्यात बायांच्या मागून चांगुणेने विचारलं, "मास्तर, ती खर्ड्याला थांबती का?"

हसणं दुप्पट झालं. खर्ड्याला किल्ला हाय बये, बंदर न्हाई, असं कुणीतरी ओरडलं. मग एकेक हसणं थांबत गेलं आणि सगळ्यांचे डोळे बनुबाईकडे वळले. बनुबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिने हातोडा उचलला आणि सुटी संपायच्या आधीच दगड फोडायला लागली.

संध्याकाळी दोघी घराकडे निघाल्या. रोज त्या वाटेने चांगुणेची टकळी चालू असे. आज ती नुसती चालत होती.

"दातखीळ बसली का गं?" बनुबाईने विचारलं.

"न्हाई, आत्याबाई."

भाकरी थापतानाही तेच, मांजराला हाकलतानाही तेच. रुसलेली नव्हती. विचारलं की नीट उत्तर देई, पण आपणहून एक शब्द काढत नव्हती. बनुबाईला ते घर ओळखीचं वाटलं. सून यायच्या आधी ते असंच होतं. सुनेला घरात ठेवूनही ती हातची जाऊ शकते, हे काही बनुबाईने हिशोबात धरलं नव्हतं, आणि त्या कल्पनेनं तिला भाकरी गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना पत्र टाकायचं होतं, म्हणून दुपारी मतदान झालं. मतपत्रिका कुठून आणणार? पण खडीला तोटा नव्हता. तीन बोटींची तीन चित्रं जमिनीवर दगडाखाली ठेवली आणि ज्याला जी बोट पसंत तिच्यापुढे त्याने आपला एक खडा टाकायचा असं ठरलं. भिमाजीने थोरल्या बोटीपुढे दोन टाकले आणि पकडला गेला. छबूबाईने हौदाच्या बोटीसाठी इतका प्रचार केला होता की तिच्या बाजूचा ढीग थोरल्या बोटीच्या तोडीस तोड झाला. लहान बोटीपुढे मात्र एकच खडा होता. कुणाचा ते विचारायची गरज नव्हती.

"वैनी, तुमचा खडा राह्यला," भिमाजी म्हणाला. "तुमच्यावर अडलंय समदं. थोरली का हौदाची?"

बनुबाई खडा मुठीत धरून उभी राहिली. तो एकटा खडा तिला दिसत होता.

"मास्तर," ती म्हणाली, "त्या बारक्या बोटीतनं मानसं उतरत्यात म्हनला. समदी माघारी येत्यात का?"

"येतात की. बोट भोंगा वाजवते."

"आन् भोंगा वाजून बी एखादं न्हाई आलं तर?"

मास्तरांनी पुस्तक चाळलं. तसं काही पुस्तकात दिलेलं नव्हतं.

"येत्यात, आत्याबाई," चांगुणा हळूच म्हणाली. "त्यांचं गठुडं बोटीतच असतंय न्हवं?"

बनुबाईने सुनेकडे पाहिलं. पोर मान खाली घालून पदराचं टोक पिळत होती. मग बनुबाईने हातातला खडा लहान बोटीपुढे असा आदळला की तो उडून मास्तरांच्या पायाला लागला.

"उंद्याच्या टँकरवर जा," ती खेकसली. "पुढच्याच्या पुढच्या खेपंला माघारी ये. आन् गठुडं हितंच ऱ्हाऊ दे."

त्यानंतर काय झालं कोण जाणे, पण हौदाच्या आणि थोरल्या बोटीच्या लोकांनी आपापले खडे उचलून लहान बोटीपुढे टाकले. मास्तर निकाल लिहून घेईपर्यंत मुकादम आला आणि खडी इकडे कुणी ओतली म्हणून शिव्या देत तो सगळा ढीग त्याने बांधावर लोटून दिला. निकाल कळायचा राहिला नव्हताच. मास्तरांनी बहिणीला लिहिलं, लहान बोटीने जा.

टँकर दिवसाआड यायचा. खर्ड्यापलीकडे एका विहिरीला अजून पाणी होतं, तिथून आसाराम ड्रायव्हर तो भरून आणी. दुसऱ्या दिवशी पाणी वाटून झाल्यावर चांगुणा रिकाम्या हाताने केबिनमध्ये चढली. भिमाजीने दोन्ही तळव्यांचा भोंगा करून असा आवाज काढला की आसारामने दचकून ब्रेक मारला. "बोट सुटली, बोट सुटली!" करत सगळे ओरडले. बनुबाई तेवढी ओरडली नाही. घरी येऊन तिने खुंटीवरचं चांगुणेचं गठुडं खाली काढलं, हातात तोलून पाहिलं आणि परत खुंटीला लावलं. सोडून पाहिलं नाही. तेवढी लाज तिला होती.

पुढच्या खेपेला चांगुणा येणार नव्हतीच. तरी बनुबाईने केबिनमध्ये डोकावून पाहिलं. आसारामला तंबाखू आहे का असं उगाच विचारलं. ती तंबाखू खात नसे.

मग ठरलेल्या खेपेचा दिवस आला, आणि टँकर आला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. गावातले हंडे तळाला गेले. कुणी म्हणे टँकरच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, कुणी म्हणे विहीरच आटली. गाव पाण्यासाठी हवालदिल झालं होतं. बनुबाईने तहान लागली असं एकदाही म्हटलं नाही, तिला जे हवं होतं ते वेगळंच होतं.

"माजी बी अशीच गेल्ती, बनुबाई," छबूबाई म्हणाली. तिने टोचायला म्हटलं नव्हतं. तिच्या घरी तर खुंटीही रिकामीच होती.

"तिचं गठुडं हाय माज्याकडं," बनुबाई म्हणाली.

"गठुड्यात काय, दोन लुगडी. तेवढी तर कोन बी सोडतंय."

बनुबाई तशीच उठून घरी गेली आणि तिने गठुडं पुन्हा एकदा तोलून पाहिलं. वाद जिंकूनही छबूबाईला त्याचा आनंद झाला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी कामावर दगड फोडताना लांबून हॉर्न ऐकू आला. सगळ्या बाया उठल्या. हंडे त्या रोज बरोबरच आणून बाभळीखाली ठेवत. आपापला हंडा उचलून जो तो धावत सुटला. ढकलाढकली, शिव्या, हंड्यांचा दणदणाट. बनुबाई सगळ्यांच्या पुढे होती. या वयात ती अशी पळू शकते हे कुणाला माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं. टँकर थांबला तेव्हा तिने नळाकडे पाहिलंही नाही. ती सरळ केबिनच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

दार उघडलं. आत चांगुणा बसली होती, आणि तिच्या मांडीवर, फडक्याने तोंड बांधलेली, काठोकाठ भरलेली एक पितळी कळशी होती.

"वाटंत पाटा तुटला, आत्याबाई," ती खाली उतरता उतरता बोलायला लागली. "म्या म्हनलं चालत जाते, तर आसारामभाऊ म्हनले उनाची मरशील. आन् आई म्हनली तुज्या सासूला सांग, आन् बहिनीला ल्योक झालाय, आन् किल्ल्यापाशी..."

"वैनी, टँकरला आला आन् हंडा कुठाय?" भिमाजी मागून ओरडला. "नुस्तं बगायला आला व्हय?"

बनुबाईने आपल्या हातांकडे पाहिलं. हंडा बाभळीखालीच राहिला होता. आणि रांग आता पार रस्त्यापर्यंत गेली होती.

"हिच्यापायी!" ती कडाडली. "हिची वाट बगून बगून जीव कंठाशी आला, मंग हंडा ध्येनात ऱ्हातुय व्हय? आता काय पिशील गं भवाने?"

सगळ्या गावादेखत बोलून गेली. बोलल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो ते.

चांगुणेने कळशी पुढे केली.

"आरं बगा, बगा!" भिमाजी नाचायलाच लागला. "पान्याच्या बोटीत पान्याचा हौद!"

आसारामही हसत होता. म्हणाला, "सांगून दमलो, पोरी, मागं टँकरभर पानी हाय, मांडीवर कशाला घेतीस? तर ऐकंना. खड्ड्याखड्ड्याला कळशी धरून बसली."

"आईकडनं मागून आनली," चांगुणा सासूला म्हणाली. "मला ठावं व्हतं, तुमी हंडा इसरनार."

बनुबाईने कळशी घेतली, कमरेला लावली आणि बाभळीकडे चालू लागली. मागून चांगुणेची टकळी चालू झाली होती.