आधी साहेबांचं ऑपरेशन

शिरवण्यात पाच वर्षं नर्स म्हणून फिरले, पण गोटीरामइतकं मला कुणी छळलं नाही. चुकले. आणखी एक जण आहे, पण तो माझ्याच घरात राहतो.

गोटीराम मिठागरावर कामाला. बायको वेणूबाई, चार लेकरं. चौथ्या बाळंतपणात तिचं इतकं रक्त गेलं की डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा दिवस राहिले तर बाई हाती लागणार नाही. तांबी बसवली, तर अंगावरून जायचं थांबेना, ती काढावी लागली. तिचं ऑपरेशन करावं, तर अंगात रक्तच नाही. उरला गोटीराम. नसबंदीचं नाव काढलं की हा बांधाच्या पलीकडे. आणीबाणीत त्याच्या चुलत्याला गाडीत कोंबून नेलं होतं, त्यामुळे नुसता त्यालाच दोष देता येईना. दर आठवड्याला जाऊन सांगायचे, ताकद जात नाही, ओझं उचलता येतं. घसा बसायची वेळ आली.

एके दिवशी त्याने डोक्यावरची मिठाची टोपली खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, "बाय, तुमच्या सायबांचा झाला काय?"

मी नकारार्थी मान हलवली.

"आदी त्यांचा करा. मंग मला बोलवाया पन येऊ नका, मीच येतो."

मला वाटलं, सुटले. आमची दोन मुलं, आणि तिसरं नको हे श्यामसुंदररावांनीच ठरवलेलं. वाशीच्या आमच्या सोसायटीत लाल त्रिकोणाचं पोस्टर जिन्यात कुणी लावलं? यांनीच. गोळ्या मात्र मी घेते, आणि डोकंही माझंच दुखतं.

नसबंदीच्या पहिल्या शिबिराला यांना ताप आला. मी थर्मामीटर लावला, ताप नव्हता. दुसऱ्या शिबिराला ऑफिसात मोठे साहेब येणार होते. तिसऱ्या वेळी म्हणाले, "मला वजनं उचलावी लागतात गं." जेवणाचा डबा सोडून या माणसाला मी कधी काही उचलताना पाहिलेलं नाही. आणि माझ्या घरातल्या या भित्रेपणापायी तिकडे वेणूबाईचा जीव टांगणीला. मला लाज वाटायची आणि संतापही यायचा.

फेब्रुवारीत वेणूबाईची तारीख चुकली. बारा दिवस. उपकेंद्राच्या भिंतीला टेकून बसली आणि एवढंच म्हणाली, "धाकटीला कोन बघल?" तेराव्या दिवशी पाळी आली, नुसत्या अशक्तपणाने लांबली होती. पण ते तेरा दिवस गोटीरामच्या पोटात अन्न गेलं नव्हतं, असं शेजारणीने सांगितलं.

पुढच्या शिबिराला मी पोचले तेव्हा तो धुतलेला सदरा घालून बाकावर बसला होता. एकटा. मला बघून त्याने दाराकडे नजर टाकली. "सायब नाय आले?"

ऑफिसात अडकलेत, असं सांगायला मी तोंड उघडलं, पण त्याच्याकडे बघून खोटं बोलवेना.

"ऱ्हाऊं द्या," तो म्हणाला. "भ्याले असतील. मी पन भ्यालो हाय."

अर्ध्या तासात बाहेर आला. तीन महिने अजून दिवस राहू शकतात, तोवर जपायचं, हे मी त्याला तीनदा बजावलं. त्याने मान हलवली आणि निघताना मला बाजूला बोलावून एक गोष्ट सांगितली. ती ऐकून मी दिवसभर हसत होते.

घरी गेले तर श्यामसुंदरराव चहा पीत पेपर वाचत होते. गोटीरामचं झालं, म्हणून सांगितलं. पेपर खाली आला. चेहरा असा उजळला की विचारू नका.

"वा! म्हणजे आता माझं करायला नको."

"नको कसं?" मी म्हटलं. "पुढच्या शिबिराला तो तुमचा हात धरायला येणार आहे. मी त्याला आपला पत्ता दिलाय."