चार पत्र्यांचे शब्द

जळगावच्या एका कापसाच्या प्रेसमध्ये गाठींवर मार्का मारायचं काम माझ्याकडे होतं. पत्र्याचे चार तुकडे होते, प्रत्येकात एक इंग्रजी अक्षर कापून काढलेलं. तुकडा गाठीच्या तागावर धरायचा, वरून काळ्या रंगाचा कुंचा फिरवायचा, उचलायचा, पुढचा धरायचा. चारही उमटली की पुढची गाठ. स्वराज्याच्या आधीपासून मी हेच करत होतो आणि ती अक्षरं कोणती हे मला ठाऊक नव्हतं. मराठी वाचायलासुद्धा मी चाळिशीनंतर शिकलो.

दिवसभर वाकून कंबर गेली होती. रात्री बायको, सुगंधा, विटेने शेकून द्यायची. सकाळी पुन्हा तेच.

हंगाम संपता संपता मुनीमजी रतिलाल म्हणाले, "वना, सायडिंगवरचा माणूस रावेरला मुलाकडे चाललाय. पुढच्या हंगामापर्यंत इंग्रजी वाचायला शिकलास तर सायडिंग तुझं."

सायडिंगवर मालगाडीचे डबे लागायचे. डब्यावरच्या चिठ्ठीत गावाचं नाव इंग्रजीत असायचं. ते वाचून हमालांना सांगायचं, एवढंच काम. डबे येईपर्यंत निंबाखाली एका स्टुलावर बसून राहायचं. मला ते स्टूल हवं होतं, दुसरं काही नाही.

चारही पत्रे घेऊन मी नासीरकडे गेलो. नशिराबादच्या रस्त्याला त्याचं पत्राकामाचं दुकान. सगळ्या प्रेसचे मार्के तोच कापायचा.

"पूरी एबीसीडी मागाहून," तो म्हणाला. "चार अक्षरं तुझ्या हातात आहेतच. आधी तीच खर्च कर."

त्याने माझे पत्रे जमिनीवर मांडले. ए, टी, एस, आर. मग त्यातले तीन ओळीत लावून वरून खडू फिरवला.

"रॅट. उंदीर."

तेच तीन त्याने जागा बदलून लावले. "टार. डांबर. तुझ्या नखांत आहे ते."

पुन्हा बदलले. "आर्ट. कला. म्हणजे मी करतो ते."

"आणि मी करतो ते?"

"ते टार."

चारही लावल्यावर स्टार झाला, तारा. मी त्या पत्र्यांकडे बघत राहिलो. इतकी वर्षं ते माझ्या हातात होते, एकाच क्रमाने.

शेवटी त्याने आर बाजूला सारला. "सॅट. बसला."

"कोण बसला?"

"कोणीही. पण बसून झालं त्याचं. आता उठला असेल."

"मला एवढा शब्द पुरे," मी म्हटलं.

"एका शब्दावर मुनीम स्टूल देणार नाही, वनाभाऊ."

पावसाळाभर मी जात राहिलो. नासीर इतर प्रेसचे जुने पत्रे काढायचा आणि एकेक माझ्या चारांत मिसळायचा. एम आला, मॅट झाली, चटई. ई आला तेव्हा बरंच काही आलं. ईट म्हणजे खाणं, सीट म्हणजे बसायची जागा, रेस्ट म्हणजे विश्रांती. ई मला सुखी अक्षर वाटलं. मग त्याने त्यातूनच टिअर लावून दाखवला. डोळ्यातलं पाणी.

घरी मी चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने लिहायचो. सुगंधा भाकरी थापता थापता बघायची.

"इतलं शिकीसन काय करशात?"

"बसेन."

"बसाले शिकनं पडस का?"

मी पुढचं अक्षर लिहायला घेतलं. प्रेसमधला हमाल झिपरू तर रोज रस्त्यात अडवायचा. "साहेब, आज कोणतं अक्षर खाल्लं?"

हंगाम सुरू झाला. मुनीमजी मला सायडिंगवर घेऊन गेले आणि डब्यांच्या रांगेपाशी उभे राहिले. मी एकेक अक्षर जुळवत चिठ्ठ्या वाचल्या. अडखळलो, पण चुकलो नाही. मुनीमजी खूश झाले. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"वा. म्हणजे मार्का आणि डबे एकाच माणसात भागलं."

मला आधी नीट कळलं नाही. "मार्का दुसरा कोणी मारेल ना, मुनीमजी?"

"दुसरा कशाला? डबे काय दिवसभर येतात? मधल्या वेळात गाठी कर."

"पण सायडिंग माझं म्हणाला होतात."

"तुझंच आहे. दिलं ना?"

ते निघून गेले. त्यांनी शब्द मोडला असंही म्हणता येत नव्हतं. मी गाठींकडे गेलो. शिट्टी झाली की सायडिंगवर जायचं, चिठ्ठ्या वाचायच्या, परत येऊन वाकायचं. स्टूल निंबाखाली तसंच. त्यावर पाला पडत होता.

दुपारी झिपरू ते डोक्यावर घेऊन आला आणि माझ्या गाठीजवळ ठेवलं.

"बस."

"मुनीमजी बघतील."

"बघू दे. कुंचा आण इकडं."

मी बसलो. बसताना कंबरेतून कळ गेली, मग हळूहळू थांबली. झिपरूने पत्रा उलटसुलट करून पाहिला.

"हे काय शे?"

"ए. टोक वर कर."

"आन हे?"

"टी."

"यांचं काही व्हतं का?"

"होतं. मागाहून सांगतो."

त्याने एक गाठ केली, रंग जरा जास्त लागला. दुसरी बरी झाली. तिसरीला हात घालतो तोच इंजिनाची शिट्टी झाली. नवे डबे आत ढकलत होते. मी गुडघ्यांवर हात टेकून उठलो.

"इतक्यात?" झिपरू म्हणाला.

"डबे आले."

"जा. स्टूल हालवत नाही मी."

मी सायडिंगकडे चालू लागलो. मागे तागावर कुंचा फिरल्याचा आवाज येत होता.