कोठीतली मिरची

अंजनाबाई खोब्रागडे एटापल्लीच्या पलीकडे, जंगलातल्या एका आश्रमशाळेत इतिहास शिकवायच्या. चौऱ्याऐंशी साल. भावानं नागपुरातून त्यांना चित्रांचं एक जाड पुस्तक आणून दिलं होतं. मेक्सिकोतल्या ॲझ्टेक लोकांच्या पोथ्यांची पानं त्यात छापलेली होती. स्पॅनिश फौजांनी राज्य बुडवल्यावर तिथल्याच चित्रकारांनी ती काढली होती. कोणत्या गावानं राजाला किती कापड, किती मिरची द्यायची, शत्रूला केस धरून आणणाऱ्या शिपायाला कोणतं वस्त्र मिळायचं, सगळं चित्रांत.

बाईंनी ते आठवीच्या वर्गात उघडलं आणि पोरं अंगावर येऊन पडली. एका पानावर लेकरं कशी वाढवायची ते होतं. ठिपके म्हणजे वय, शेजारी मक्याची भाकर. अकरा वर्षांच्या पोराला दीड भाकर. खाली बाप त्या पोराला धरून जळत्या मिरच्यांच्या धुरावर वाकवत होता.

मंगलीनं त्यावर बोट ठेवलं. "बाई, हे आपल्या कोठीत होते."

बाईंनी पुस्तकावरून मान वर केली.

"कोणाले केलं?"

मंगलीनं मागच्या बाकाकडे पाहिलं. तिथं पोचू बसला होता, डोळे लालभडक. डोळे आले असतील असं समजून बाईंनीच सकाळी त्यात औषध घातलं होतं.

"भात मांगला त्यानं," मंगली म्हणाली. "अधीक्षक सायबानं धरलं."

बाई पुस्तक घेऊन तशाच कोठीवर गेल्या. अधीक्षक देवराव तांदूळ मोजत होता. त्यानं नाकारलं नाही. पान पाहून तो हसलाच.

"हे पाहा, बापच धरून राह्यला पोराले. शिस्त म्हणतेत याले. तुमच्याच पुस्तकात हाय."

"चित्र काढणाऱ्यानं पोराच्या गालावर पाणी काढलं, देवरावभाऊ. ते दिसते का तुमाले?" बाई म्हणाल्या. "मी गडचिरोलीले जाऊन साहेबाले सांगतो सगळं."

त्याचं हसू गेलं. "कोण बोललं?"

बाईंनी पुस्तक मिटलं. पण मंगली त्यांच्या मागोमाग आली होती, दारातच उभी होती. देवरावनं झेप घेऊन तिची वेणी पकडली, तिला आत फरफटत आणलं आणि कडी लावली. स्वयंपाकाची शेगडी कोपऱ्यात पेटलेली होती. त्यानं मूठभर सुक्या मिरच्या निखाऱ्यांवर टाकल्या आणि वेणी धरून तिला धुरावर वाकवलं.

"बोलली ना? आता बोल!"

मंगली किंचाळली, मग तिला श्वासच मिळेना. बाईंनी त्याचा हात ओढला तशी त्यानं तांदूळ मोजायची लोखंडी पायली उचलून त्यांच्या कानशिलावर हाणली. रक्त मानेवरून चोळीत उतरलं. दुसरा फटका खांद्यावर बसला. खाली पडता पडता बाईंनी शेगडीला लाथ घातली. निखारे देवरावच्या पायांवर सांडले, तो ओरडत मागे सरला, आणि मंगलीनं चाचपडत कडी काढली.

बाहेर पोरं जमलीच होती. खोकत, आंधळ्यासारखा देवराव अंगणात आला आणि पहिला दगड त्याच्या तोंडावर बसला. मग जळणाची लाकडं चालली. तो गुडघ्यांवर आला, हात जोडू लागला. पोचू त्याच्या जबड्यावर लाकूड घालत राहिला. हाड मोडल्याचा आवाज आला तरी थांबला नाही.

"पोचू, बस! मेला तर तुले जेलात नेतीन!"

बाई कोठीच्या दारातून ओरडल्या, पण कोणी ऐकत नव्हतं. बाई रांगत गेल्या आणि त्या माणसावर आडव्या पडल्या. फटके त्यांच्या पाठीवर, डोक्यावर बसले. मग मंगलीनं पोचूच्या कमरेला मिठी मारली, आणि लाकूड त्याच्या हातातून गळालं.

चौकशीला आलेल्या साहेबानं विचारलं, अधीक्षकाला कोणी मारलं? डोक्याला पट्टी बांधलेल्या अंजनाबाई म्हणाल्या, "मी." साहेबानं देवरावच्या मोडक्या जबड्याबद्दल कागदावर वाचून पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. लेकरांच्या तोंडचा तांदूळ देवराव विकत होता हे उघड झालं आणि तो नोकरीवरून गेला. बाईंची बदली कोरपन्याला झाली. त्यांचा डावा कान कायमचा बहिरा झाला.

निघायच्या दिवशी पेटी घेऊनच त्या पोचूच्या गावी गेल्या. त्या दिवसापासून तो शाळेत आलाच नव्हता. तो मोहाच्या झाडाखाली बसला होता. बाईंना पाहून उठला, पण जवळ आला नाही.

"बाई," त्यानं खाली पाहत विचारलं, "तो कान माह्या मारानं गेला का?"

कोणत्या फटक्यानं गेला ते बाईंना ठाऊकच नव्हतं.

"नाई रे," त्या म्हणाल्या. "पायलीनं गेला. तू शाळेत जा."

तो हो म्हणाला नाही. पण बस येईपर्यंत त्यांची पेटी डोक्यावर घेऊन सडकेवर उभा राहिला.